लाल चिरागाचा इशारा : इंजिनात ऑईलचा दाब कमी झाल्यास काय करावे?

व्यापारी बांधवांनो, आपल्यापैकी अनेकांच्या दारात आज स्वतःची गाडी उभी असते. कुणाची व्हॅन माल पोचवते, कुणाची कार वसुलीसाठी गावोगाव फिरते. दुकानातल्या गाठी आपण रोज मोजतो, उधारीची वही रोज उघडतो. परंतु ज्या गाडीवर धंद्याची धावपळ अवलंबून आहे तिच्या इंजिनाकडे आपले लक्ष जाते ते ती रस्त्यात बंद पडल्यावरच. आम्हीही त्यातलेच होतो. एका चुकीचा भुर्दंड आम्ही भरला आणि त्यातून जे शिकलो, ते प्रस्तुत लेखात क्रमवार मांडत आहोत.

विषय आहे डॅशबोर्डवरच्या त्या छोट्या लाल दिव्याचा. जुन्या काळच्या चिरागासारखे त्याचे चित्र असते आणि तोटीतून एक थेंब पडताना दाखवलेला असतो. चावी फिरवली की तो लागतो आणि इंजिन चालू झाले की दोन-तीन सेकंदांत विझतो. इंजिन चालू असताना तो पुन्हा लागला, तर समजावे की इंजिनातील ऑईलचा दाब धोक्याच्या रेषेखाली गेला आहे.

आमच्या हातून काय घडले?

सन 2011 चा मे महिना. मालेगावहून भिवंडीला साड्यांचा माल घेऊन आमची तीन सिलिंडरची पेट्रोल व्हॅन निघाली. इगतपुरीला चहासाठी थांबताना ड्रायव्हरच्या लक्षात आले की गाडी न्यूट्रलमध्ये उभी असली की लाल दिवा फडफडतो. त्याने फोन केला, "शेठ, ऑईलचा दिवा लुकलुकतोय." आम्ही विचारले, "रेस दिली की विझतो ना?" तो म्हणाला, "विझतो." आम्ही सांगितले, "मग चालू दे. पार्टी थांबली आहे. आल्यावर बघू."

माल वेळेवर पोचला. परतीच्या वाटेवर कसारा घाट चढताना दिवा लागला तो विझलाच नाही. इंजिनातून ठकठक आवाज येऊ लागला आणि इगतपुरी येण्याआधीच इंजिन जाम झाले. गाडी दुसऱ्या वाहनाला बांधून आणावी लागली. रागाच्या भरात आम्ही ड्रायव्हरला निष्काळजी ठरवले आणि जूनच्या 1 तारखेला त्याच्या पगारातून दोन हजार रुपये कापले. तो काहीच बोलला नाही.

आठवड्याने गॅरेजमधून बोलावणे आले. उस्तादने इंजिनाचे चेंबर खोलून ठेवले होते. ऑईल खेचणारी जाळी काळ्या, डांबरासारख्या गाळाने बंद झाली होती. चेंबरमध्ये ऑईल सव्वा लिटरने कमी होते. बेअरिंगचे पत्रे घासून तांबडे पडले होते आणि क्रँकवर ओरखडे होते. उस्तादने एकच प्रश्न विचारला, "शेठ, याचं ऑईल शेवटी कधी बदललं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. पावत्या शोधल्या तेव्हा कळले की चौदा हजार किलोमीटर उलटून गेले होते आणि तेव्हाही सुट्या डब्यातले स्वस्त ऑईल भरले होते. ऑईलची काडी पाहण्याचे काम कुणाचे, हे आम्ही कधी ठरवलेच नव्हते.

इंजिनाच्या कामाला सव्वीस हजार रुपये लागले. त्या काळी त्या व्हॅनचे ऑईल आणि फिल्टर मिळून हजाराच्या आत बदलून होत असे. ड्रायव्हरचे दोन हजार आम्ही परत केले आणि चूक आमची होती हेही त्याला दुकानातल्या सर्वांसमोर सांगितले. इशारा त्याने वेळेवर दिला होता, तो ऐकला गेला नाही.

दाब म्हणजे नेमके काय?

इंजिनातला क्रँक मिनिटाला हजारो फेरे फिरतो. तो आणि त्याची बेअरिंगे यांच्यामधली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. त्या फटीत ऑईलचा पातळ पडदा असतो आणि क्रँक त्या पडद्यावर तरंगत फिरतो. पडदा आहे तोवर लोखंड लोखंडाला लागत नाही. पडदा फाटला की काही मिनिटांतच बेअरिंग घासते, तापते आणि जाम होते.

हे ऑईल पोचवण्याची व्यवस्था इमारतीच्या पाण्यासारखी आहे. खाली टाकी म्हणजे चेंबर. टाकीत फूट व्हॉल्व्हला जशी जाळी असते तशी इथे ऑईल खेचणाऱ्या नळीला जाळी असते. मोटारीच्या जागी ऑईल पंप. पुढे फिल्टर, आणि तिथून मुख्य नळीद्वारे क्रँकची बेअरिंगे, बिगेंड, कॅमशाफ्ट आणि टॅपेट यांना ऑईल मिळते. दाब प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून स्प्रिंग असलेला एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. तो जादा ऑईल परत चेंबरकडे सोडतो.

आता चौथ्या मजल्यावर पाणी चढत नसेल तर आपण काय पाहतो? टाकी रिकामी आहे का, जाळी तुंबली आहे का, मोटार कमजोर झाली आहे का, पाईपचे सांधे गळतात का. इंजिनाचेही तेच. पंप फक्त ऑईल ढकलतो. ते बारीक फटींतून जाताना जो अडथळा होतो त्यातून दाब तयार होतो. म्हणून बेअरिंग झिजून फट वाढली, तर पंप नवा असला तरी दाब कमीच राहणार. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचा सारा तपास सोपा होतो.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करावा. हा दिवा दाबाचा आहे, ऑईलच्या पातळीचा नाही. पातळी कमी झाल्यामुळे तो लागला, तर याचा अर्थ ऑईल इतके खाली गेले आहे की पंप हवा खेचू लागला आहे. "दिवा लागला की ऑईल टाकू" ही पद्धत म्हणूनच घातक आहे.

दिवा लागताच प्रथम काय करावे?

1. रेस कमी करून गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यावी आणि इंजिन लगेच बंद करावे. "पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ" हा विचार करू नये. मात्र चालत्या गाडीत इंजिन बंद करू नये; पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला अधिक जोर लागतो. घाटात तर हे विशेष लक्षात ठेवावे. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढून चाकाला दगड लावावा.

2. सपाट जागी पाच ते दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले ऑईल चेंबरमध्ये उतरते. मग काडी काढून फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी आणि पातळी पाहावी. ती खालच्या व वरच्या खुणेच्या मध्ये हवी. बहुतेक कारमध्ये या दोन खुणांतले अंतर साधारण एका लिटरचे असते.

3. गाडीखाली वाकून पाहावे. ऑईल ठिबकते आहे का? फिल्टर सैल आहे का? ड्रेनचा नट ओला आहे का? चेंबरला स्पीडब्रेकर किंवा दगडाचा मार बसून खड्डा पडला आहे का? आतली जाळी चेंबरच्या तळापासून थोड्याच अंतरावर असते. तळ आत दबला तर थेंबभरही गळती नसताना जाळीचे तोंड बंद होऊ शकते.

4. पातळी कमी असेल आणि मोठी गळती नसेल, तर योग्य ऑईल थोडे थोडे टाकून पातळी भरावी आणि इंजिन चालू करावे. काही सेकंदांत दिवा विझला आणि इंजिनात आवाज नसेल, तर हळू वेगाने जवळच्या मिस्त्रीकडे जाता येईल. पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल, किंवा टकटक आवाज येत असेल, तर इंजिन पुन्हा चालू करू नये. गाडी ओढून न्यावी. ओढण्याचे भाडे इंजिनाच्या कामापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

ऑईल स्वतःच बोलते

काडीवरचे ऑईल बोटावर घेऊन पाहण्याची सवय लावावी. कापडाचा पोत जसा आपण बोटांनी ओळखतो तसाच हा प्रकार आहे. ऑईल दुधाच्या चहासारखे दिसत असेल तर रेडिएटरचे पाणी त्यात मिसळत असण्याची शक्यता असते. अगदी पातळ झाले असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर इंधन ऑईलमध्ये उतरते आहे. पातळी न भरताच वाढत असेल तर आनंद मानू नये, तीही बिघाडाची खूण आहे. भारतात एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले. त्यानंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो. गाडी फक्त शहरात थोडी थोडी चालली तर त्याची सफाई अर्धवट राहते आणि डिझेल ऑईलमध्ये उतरून ते पातळ होऊ शकते.

स्विच खोटा की दाब खोटा?

दिवा लावणारा एक छोटा स्विच इंजिनावर बसवलेला असतो. साध्या गाड्यांत त्याला एकच तार असते. दाब नसेल तेव्हा स्विच तारेला इंजिनाच्या अंगाशी जोडतो आणि दिवा लागतो. दाब आला की जोड तुटतो आणि दिवा विझतो. बहुतेक स्विच 0.3 ते 0.5 बारच्या आसपास, म्हणजे सुमारे 4 ते 7 पीएसआयला काम करतात.

पहिली चाचणी अशी. इंजिन बंद ठेवून फक्त चावी चालू करावी. दिवा लागला पाहिजे. मग स्विचची तार काढावी. दिवा विझला पाहिजे. तार काढूनही दिवा तसाच राहिला, तर तार कुठेतरी घासून अंगाला लागली आहे. दिवा विझला, तर तार ठीक आहे. परंतु त्यावरून स्विच खराब की दाब कमी, हे मात्र ठरत नाही. स्विचच्या टोपीत ऑईल झिरपलेले दिसले तर स्विचवर संशय घ्यावा. नव्या गाड्यांत स्विचऐवजी सेन्सर असतो आणि तो कॉम्प्युटरशी जोडलेला असतो. तिथे तार काढून प्रयोग न करता स्कॅनर लावून पाहावे.

दुसरी चाचणी निर्णायक आहे. स्विच काढून त्याच जागी योग्य आट्यांचे नोझल लावून काटेवाले प्रेशर गेज बसवावे. इंजिन पूर्ण गरम करावे, कारण थंड ऑईल घट्ट असते आणि खोटा दिलासा देते. मग न्यूट्रलमध्ये आणि दोन ते तीन हजार फेऱ्यांवर दाब वाचून लिहून घ्यावा. जुन्या मिस्त्रींचा ढोबळ हिशोब असा की दर हजार फेऱ्यांमागे सुमारे 10 पीएसआय दाब हवा. पण अंतिम शब्द त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा मानावा.

गेजवर दाब ठीक निघाला तर स्विच बदलावा. तो स्वस्त असतो. दाब खरोखर कमी निघाला तर स्विच बदलून काही उपयोग नाही. गेज न लावता "स्विचच खराब आहे" असे कुणी म्हणाले, तर त्याला नम्रपणे गेज लावायला सांगावे. आणि गेज न लावता "इंजिन खोलावं लागेल" असे म्हणाले, तरीही तेच सांगावे.

लक्षणांवरून कारण

दाब कोणत्या वेळी पडतो यावरून पुष्कळ अंदाज बांधता येतो.

गरम इंजिन न्यूट्रलमध्ये असताना दिवा फडफडतो आणि रेस दिल्यावर विझतो : ऑईल पातळ झाले आहे किंवा बेअरिंग झिजले आहे. आमच्या गाडीचे सुरुवातीचे लक्षण हेच होते. रेस दिल्यावर विझतो म्हणजे ठीक आहे, असे आम्ही समजलो. वास्तविक ती शेवटची सूचना होती.

रेस वाढवल्यावर दाब उलट पडतो : जाळी तुंबली आहे. पंप जास्त मागतो आणि जाळी देत नाही.

वळणावर, चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर क्षणभर दिवा लागतो : ऑईल कमी आहे. ते एका बाजूला सरकते आणि जाळी उघडी पडते.

सकाळी पहिल्यांदा चालू करताना दिवा उशिरा विझतो : बऱ्याचदा फिल्टर हलक्या प्रतीचा असतो आणि त्यातले ऑईल रात्रीतून खाली उतरून जाते.

दुरुस्तीचा क्रम : स्वस्तापासून महागाकडे

प्रथम ऑईल आणि फिल्टर बदलावे. ऑईलचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात लिहिलेलाच घ्यावा. 20डब्ल्यू-40 किंवा 5डब्ल्यू-30 असे आकडे असतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतले वर्तन सांगतो. नंतरचा आकडा इंजिन गरम असताना ऑईल किती घट्ट राहील हे सांगतो. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असा याचा अर्थ नाही. नव्या इंजिनांच्या फटी पातळ ऑईलसाठी बनवलेल्या असतात.

त्यानंतरही दाब कमी असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह पाहावा. त्यात कचरा अडकून तो उघडा राहिला किंवा स्प्रिंग तुटली, तर ऑईल बेअरिंगकडे न जाता परत फिरते. पुढे चेंबर उतरवून जाळी साफ करावी आणि तिच्या नळीचे रबरी रिंग बदलावे. ते कडक झाले की पंप ऑईलबरोबर हवाही खेचतो. काही नव्या इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑईलमध्येच फिरतो. ऑईल चुकीचे असेल तर बेल्टचे तुकडे सुटून जाळीत अडकतात. त्यामुळे अशा गाडीत ग्रेडबाबत तडजोड करूच नये.

जाळी साफ असेल तर ऑईल पंपाची झीज मोजावी. पंपही ठीक असेल तर शेवटी बेअरिंगकडे यावे. चेंबर उतरलेले असताना एक-दोन बेअरिंगच्या टोप्या खोलून पत्रे पाहता येतात. वरचा करडा थर जाऊन तांबडा रंग दिसू लागला असेल तर बेअरिंग बदलावेच लागते. क्रँकवर ओरखडे असतील तर तो घासून जादा जाडीची बेअरिंगे टाकावी लागतात. यालाच आपण इंजिन काम म्हणतो.

इथे एका पळवाटेपासून सावध करणे आवश्यक वाटते. झिजलेल्या इंजिनात जाड ऑईल किंवा बाटलीतले घट्ट औषध टाकले की दिवा काही दिवस विझतो. फट तेवढीच राहते. फाटक्या कापडावर खळ चढवून ते नवे म्हणून दाखवण्यासारखाच हा प्रकार आहे. पहिल्या धुण्यात खरे रूप बाहेर येते.

जुनी गाडी घेताना

हीच पळवाट जुन्या गाडीच्या सौद्यात वापरली जाते. कधी जाड ऑईल भरलेले असते, तर कधी दिव्याची तारच काढून ठेवलेली असते. म्हणून सौदा करण्यापूर्वी फक्त चावी फिरवून पाहावे. इंजिन चालू होण्याआधी लाल चिराग लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर दिवा, तार किंवा विकणाऱ्याची नियत, यांपैकी काहीतरी बिघडले आहे. दिवा लागला तर गाडी अर्धा तास चालवून, गरम इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून पुन्हा पाहावे. थंड गाडीची चाचणी ही चाचणी नव्हे. आणि आपण स्वतः गाडी विकत असू, तर दोष दाखवूनच भाव सांगावा. कापडातला डाग आपण गिऱ्हाईकाला दाखवतो, मग इंजिनातला का लपवावा?

गाडीचीही वही ठेवा

त्या प्रसंगानंतर आम्ही दुकानात गाडीच्या नावाची एक वही सुरू केली. तिच्यात ऑईल बदलल्याची तारीख, किलोमीटर, ग्रेड आणि पावती असते. दर सोमवारी सकाळी थंड इंजिनाची काडी पाहून पातळी लिहिली जाते आणि लिहिणाऱ्याची सही होते. ड्रायव्हरला स्पष्ट सांगितलेले आहे : लाल दिवा लागला की गाडी उभी करायची, मग फोन करायचा. माल उशिरा पोचला तर पार्टीशी आम्ही बोलू. त्यासाठी एक पैसाही कापला जाणार नाही.

वाचकहो, ग्रेड, दाब आणि बेअरिंगची माहिती मिस्त्रीकडे असतेच. मालकाच्या हाती राहतात त्या दोनच गोष्टी : वेळेवर ऑईल बदलणे आणि गाडीवरच्या माणसाचा शब्द ऐकणे. आम्ही दोन्हींत चुकलो होतो. तो ड्रायव्हर पुढे सहा वर्षे आमच्याकडे राहिला आणि त्या इंजिनाने त्या सहा वर्षांत पुन्हा दगा दिला नाही. आपण उद्या सकाळी दुकान उघडण्यापूर्वी गाडीचे बॉनेट उघडावे, काडी पुसून पातळी पाहावी आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालावी.